अध्यक्षांचा हात

दातांच्या डॉक्टरने चुकीची दाढ काढली. पेशंटने पुढच्या खेपेला पुन्हा त्याचीच वेळ घेतली. बायको म्हणाली, "वेड लागलंय का?" पेशंट म्हणाला, "त्याला माझ्या तोंडाची माहिती आहे."

*

फुटबॉलच्या मैदानाच्या मागे, बॉयलरच्या खोलीला लागून, कपड्यांची खोली आहे. तिथल्या कपाटात गुडघ्यापर्यंत येणारे जाड कोट टांगलेले आहेत, प्रत्येकाच्या छातीवर एकेका मॅनेजरच्या नावाची दोन अक्षरं शिवलेली. न्यायला कोणी येत नाही. कपडेमावशी ते टाकतही नाहीत. डांबराच्या गोळ्या मात्र वेळेवर बदलतात.

*

गाद्यांच्या एका कारखानदाराचं ठाम मत: गादी कधीच वाईट नसते. झोपणारा चुकीच्या कुशीवर झोपतो.

*

वर्गात बाईंनी विचारलं, "तुझे बाबा काय करतात?"

मुलगी म्हणाली, "ते तात्पुरते आहेत."

*

गाड्या लावायच्या जागेत भिंतीवर पांढऱ्या रंगात 'मॅनेजर' असं लिहिलंय. त्याखालचं नाव इतक्या वेळा खरवडून पुन्हा रंगवलंय की भिंतीला तिथे पोट सुटलंय.

*

"या वेळी तोंड उघड," चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई नवऱ्याला म्हणाली. तो दाढी करत होता, म्हणून त्याने फक्त मान हलवली.

*

हा नवरा म्हणजेच तात्पुरता.

त्याचं खरं पद सहायक प्रशिक्षक. पण फुटबॉल क्लबने मॅनेजरला घरी पाठवलं की नवा मिळेपर्यंत संघ त्याच्या हाती यायचा. क्लबला मॅनेजर घरी पाठवायचा कंटाळा असा कधी आला नाही, त्यामुळे हे वारंवार व्हायचं. लोक त्याला तात्पुरता म्हणायचे. खेळाडू मान राखून तात्पुरते म्हणायचे.

आणि तो आला की संघ जिंकायचा. त्यात जादू काही नव्हती. जो जिथे बरा खेळतो तिथे त्याला उभा करायचा आणि हाफटाइमला फार बोलायचं नाही, एवढंच तो करायचा. मग नवा मॅनेजर यायचा, गोलकीपर सोडून सगळ्यांच्या जागा बदलायचा, फळ्यावर बाण काढायचा, आणि संघ पुन्हा तळाची वाट धरायचा.

नवा म्हणजे तरी कुठला नवा. क्लब पुष्कळ, पण मॅनेजर मूठभर. तेच ते इकडून तिकडे फिरत असतात. लोक याला संगीतखुर्ची म्हणतात, पण संगीतखुर्चीत दर वेळी एक जण बाद तरी होतो.

त्यातले सगळ्यांत मागणी असलेले बंबसाहेब. आग लागली की बोलवायचे, म्हणून बंबसाहेब. उंच, घोगऱ्या आवाजाचे, खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या. या क्लबात ते दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा संघ खालच्या गटात गेला होता. स्टँडमधले एक आजोबा म्हणायचे, "आग लागते म्हणून बंब येतो, की बंब येतो म्हणून आग लागते, एवढं कळलं की मी सुखाने डोळे मिटायला मोकळा."

आता पुन्हा मॅनेजर गेला होता, संघ तात्पुरत्याकडे होता, आणि बंबसाहेबांचं नाव पुन्हा निघालं होतं. फरक इतकाच की या खेपेला ते एकटे येणार नव्हते. सहायक म्हणून जावयाला आणणार होते. म्हणजे तात्पुरत्याची ती तात्पुरती जागाही जाणार. मग दुसरं गाव शोधायचं. बायकोची दुकानातली नोकरी, मुलीची शाळा, मैदानापासून चालत पाच मिनिटांवरचं घर, सगळं सोडायचं. कायम तरी व्हायचं, नाहीतर इथून जायचं. मधली जागा उरली नव्हती.

म्हणून त्याने तोंड उघडलं. मला कायम करा, म्हणाला. त्याला मुलाखतीला बोलावलं गेलं.

*

टेबलाच्या पलीकडे दोघं. अध्यक्ष, म्हणजे ते गाद्यांचे कारखानदार. आणि सचिव, म्हणजे अध्यक्षांचे मेहुणे.

"अनुभव?" सचिवांनी विचारलं.

"संघ सांभाळलाय. मॅनेजर गेला की मीच सांभाळतो. माझ्या हातात असताना अजून हरलेला नाही."

"तेच तर."

"काय तेच?"

"अहो, संघ संकटात आहे. आम्हाला संकटाचा अनुभव असलेला माणूस हवाय. तुम्ही आलात की संकटच राहत नाही. मग संकटात तुम्ही कसे वागाल हे आम्हाला कळणार कसं?"

अध्यक्षांना हे पटलं. "आता बंबसाहेब बघा. तीन संघ खाली नेलेत त्यांनी. खाली जायचा रस्ता त्यांना पाठ आहे. कुठे वळायचं नाही ते त्यांनाच माहीत."

"पण ते वळले, साहेब. तिन्ही वेळा."

"म्हणून तर आता वळणार नाहीत."

सचिवांनी पेन खाली ठेवलं. "एक विचारू? तुम्हाला कुठून काढलंय का कधी?"

"नाही."

"एकदाही नाही? लहानसहान काही? एखाद्या शाळेच्या संघावरून?"

"नाही हो."

सचिवांनी अध्यक्षांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू स्थळ चांगलं होतं पण मुलगा मुका निघाला. "म्हणजे तुम्ही पाण्यात उतरलाच नाहीत."

"उतरलोय. बुडालो नाही, एवढंच."

अध्यक्ष हसले. मेहुणे हसत नाहीत हे दिसल्यावर थांबले. "शनिवारचा सामना होऊ दे," म्हणाले. "मग ठरवू."

*

आता त्या हाताबद्दल.

या क्लबात कोणाला तोंडावर 'जा' म्हणत नाहीत. अध्यक्ष सभ्य गृहस्थ आहेत. मॅनेजरला काढायचं ठरलं की ते सामना संपल्यावर स्टँडमधून खाली येतात, साइडलाइनवर जातात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि फोटोवाल्यांकडे बघून उभे राहतात. बोलत नाहीत. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, असा तो फोटो असतो. तो छापून येईपर्यंत माणूस गेलेला असतो.

हे इतक्या वेळा झालंय की आता कोणाला काही सांगावं लागत नाही. हात पडला की बाकीचं आपसूक होतं. नळ सोडला की बादली भरते, तसं. स्टँडमध्ये याला 'खांदा देणं' म्हणतात.

*

शनिवार.

अध्यक्ष सकाळी दाढ दाखवायला गेले. डॉक्टर तोच, चुकीची दाढ काढणारा. या वेळी त्याने बरोबर दाढ काढली, पण इंजेक्शन दोनदा दिलं. अध्यक्ष मैदानावर पोचले तेव्हा अर्धा सामना होऊन गेला होता. गाल टम्म फुगलेला, जबडा लाकडासारखा, डोळ्यांना पाणी. तोंडात कापसाचा बोळा. संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलेलं.

त्यांच्यासमोर त्यांचा संघ खेळत होता. आणि खेळत होता म्हणजे खरंच खेळत होता. एक गोल झाला, दुसरा झाला, तिसरा तर एका बचावपटूने केला, ज्याला गोल कुठल्या बाजूला असतो हे बंबसाहेबांच्या काळात विसरायला लावलं होतं. स्टँड उभा राहिला. आजोबाही उठले, दोघांनी धरून.

अध्यक्षांच्या मनात कापसामागे काहीतरी हललं. ठेवायचा याला, त्यांनी ठरवलं. कायमचा. मेहुणा गेला उडत.

आणि शिट्टी वाजताच ते आनंदाच्या भरात खाली उतरले, साइडलाइनवर गेले, तात्पुरत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटोवाल्यांकडे पाहिलं. हसायला गेले, पण जबड्याने ऐकलं नाही. एक ओठ खाली लोंबला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं.

स्टँड गप्प झाला.

*

फोटोवाला, फोनवर: "खांदा झाला. हो, जिंकूनसुद्धा. नाही हो, या वेळी रडले पण."

कपडेमावशी, कपाट उघडत: "लांब बाह्यांचा तो, तिसरा. जरा वारा लागू दे त्याला."

पहारेकरी, रंगाचा डबा हलवत: "वाळलाय का बघा. ब्रश कुठे ठेवलाय?"

कप्तान, तात्पुरत्याचा हात दोन्ही हातांत धरून: "तात्पुरते, काळजी घ्या."

सचिव, फोनवर: "या."

बंबसाहेब, फोनवर: "निघालोच आहे. बॅग डिकीतच असते. जावईबापू पण गाडीतच आहेत."

*

आणि तात्पुरता?

त्याला खांद्यावरचं वजन ओळखीचं वाटलं. किती मॅनेजरांच्या शेजारी उभं राहून त्याने ते वजन पडताना पाहिलं होतं. आपणही काही विचारायचं नसतं, हे त्याला माहीत होतं. कोणीच विचारत नसे. तो ड्रेसिंग रूममध्ये गेला, शिट्टी आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या, फळा पुसला आणि चालत घरी गेला. त्याला कोणी जा म्हटलं नव्हतं.

बायकोने टीव्हीवर पाहिलं होतं.

"ठेवला?"

"ठेवला."

"कुठल्या खांद्यावर?"

"त्याने काय होतंय?"

"तूच सांगायचास ना. उजव्या म्हणजे सकाळपर्यंत वेळ, डाव्या म्हणजे ताबडतोब."

"उजव्या."

"मग सकाळपर्यंत वेळ आहे. जा आणि विचार त्यांना."

"काय विचारू? हात ठेवल्यावर विचारायचं नसतं."

"कोण म्हणतं?"

"कोणीच म्हणत नाही. तसंच आहे ते."

मुलगी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. "पण बाबा, आपण जिंकलो ना?"

बायको उठली आणि माळ्यावरची मोठी बॅग काढायला स्टूल घेऊन आली. मग स्टूल तिथेच ठेवून परत बसली.

*

अध्यक्ष गोळ्या घेऊन आपल्याच कारखान्याच्या गादीवर झोपले, ते रविवार संपेपर्यंत उठले नाहीत. सोमवारी जबडा हलू लागला. नेमणुकीची गोड बातमी द्यायला ते क्लबात आले, तर भिंतीवर ताज्या रंगात नवं नाव होतं आणि मॅनेजरच्या खुर्चीत बंबसाहेब खोकत होते.

"तुम्ही?"

"बोलावलंत, आलो," बंबसाहेब म्हणाले. "या वेळी मी वेगळा विचार करणार आहे. सगळ्यांना मागे ठेवणार."

अध्यक्षांनी मेहुण्यांना बाहेर ओढलं. "याला कोणी बोलावलं?"

"तुम्हीच. सगळ्या गावाने पाहिलं. हात ठेवलात ना?"

"अरे, मी शाबासकी दिली त्याला!"

"शाबासकी पाठीवर देतात, दाजी. खांद्यावर नाही."

"मग काढ याला."

"काल आलेल्या माणसाला आज काढायचं? लोक हसतील."

"आत्ता काय रडतायत का?"

"निदान हरू तरी द्या त्यांना. काही रीतभात आहे की नाही?"

अध्यक्ष विचारात पडले. रीतभात हा त्यांचा हळवा कोपरा होता.

*

ते तात्पुरत्याच्या घरी गेले. दार बायकोने उघडलं. आत बॅग उघडी होती.

"घोटाळा झाला," अध्यक्ष दारातूनच म्हणाले. "मी तुला कायम करायला खाली उतरलो होतो रे. त्यासाठीच हात ठेवला."

तात्पुरता उभाच राहिला.

"तू विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"माझं तोंड बधिर होतं. इंजेक्शन दिलं होतं."

"यांचं इंजेक्शनने होतं," बायको नवऱ्याला म्हणाली. "तुझं कशाने होतं?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "थोडी कळ काढ. बंबसाहेब थंडीपर्यंत काही टिकत नाहीत. ते गेले की संघ तुझ्याकडेच. तात्पुरता. आणि मग..."

"आणि मग तुम्ही दाढ दाखवायला जाल," बायको म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. दूरच्या एका गावच्या क्लबचे अध्यक्ष. त्यांचा संघ तळाला होता. त्यांनी रविवारच्या पेपरात फोटो पाहिला होता.

"अभिनंदन," ते म्हणाले. "आमची समिती कधीची तुमच्यावर नजर ठेवून होती. एकच अडचण होती. तीही आता सुटली."

तात्पुरत्याने फोन कानाला धरून बायकोकडे पाहिलं. तिचं बोलायचं ते बोलून झालं होतं. अध्यक्ष दारात उभे होते, हात खिशात घालून, कारण आता तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"पद कसलं आहे?" तात्पुरत्याने विचारलं.

"म्हणजे काय? मॅनेजर."

"कायम?"

पलीकडून हसू आलं. "अहो साहेब, आपल्या धंद्यात कायम कोण असतं?"

*

साहेब.

त्या गावच्या पहारेकऱ्यानेही तेच म्हटलं, पहिलाच सामना हरून तो मैदानातून ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या गल्लीतून आत आला तेव्हा. खुर्चीवरून उठून म्हटलं. इतकी वर्षं जिंकून तो गल्लीतून गेला होता, पण त्याच्यासाठी कोणी उठलं नव्हतं.

तो एकटाच गेला होता. वर्ष संपेपर्यंत मुलीची शाळा बदलायची नाही, असं ठरलं होतं. क्लबने घर दिलं, खुर्च्या-पलंगासकट. पूर्वी त्यात बंबसाहेब राहायचे. आरसा त्यांच्या उंचीला लावलेला, त्यामुळे दाढी करताना त्याला भुवयांच्या वरचाच भाग दिसायचा. स्वयंपाकघराच्या खणात खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पुडी होती. पहिले काही आठवडे त्याने ती तशीच राहू दिली.

नवे अध्यक्ष म्हणाले, "जरा तुमच्या अनुभवाला शोभेल असं खेळा. उगाच पुढे धावायचं नाही." त्याने एका बचावपटूला मागे आणलं. मग दुसऱ्याला. हरल्यावर पत्रकार विचारत आणि काहीतरी सांगावंच लागे. "प्रक्रिया चालू आहे," असं तो एकदा म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून पुढच्या वेळीही म्हणाला. हाफटाइमला बोलू लागला. बोलून बोलून घसा बसला, तेव्हा खण उघडला.

घरी फोन केला की मुलगी म्हणायची, "बाबा, तुझा आवाज कसा येतोय?"

"लाइन खराब आहे."

"लाइन नाही. आवाज."

*

मग त्याचा संघ त्याच्या गावी खेळायला आला.

पाहुण्यांचं बाकडं उन्हाच्या बाजूला असतं, हे त्याला माहीत होतं. बसून पाहिलं नव्हतं. समोर बंबसाहेब, लांब बाह्यांच्या कोटात. ते अजून टिकून होते, कारण काढायचं कोणाला आणि आणायचं कोणाला यावर समितीचं एकमत होत नव्हतं. त्यांचे अकरा खेळाडू मागे. त्याचेही अकरा मागे. मध्ये चेंडू एकटा पडून राहायचा, बसस्टॉपवर विसरलेल्या डब्यासारखा.

बायको आणि मुलगी स्टँडमध्ये नेहमीच्या जागी बसल्या होत्या.

"आई, आपण कोणासाठी ओरडायचं?"

"बघ तूच."

मुलीने दोन्हीकडे पाहिलं आणि ती कोणासाठीच ओरडली नाही.

शून्य-शून्य. शिट्टी झाल्यावर बंबसाहेबांनी त्याला मिठी मारली. "छान खेळलात. गीझर चालतोय ना तिथला? खालून एक चापट मारावी लागते."

"मारतो," तो म्हणाला.

खेळाडूंच्या दाराबाहेर दोघी थांबल्या होत्या. बायकोने त्याची कॉलर सरळ केली.

"घरी चल. जेव आणि मग जा. पाच मिनिटांवर तर आहे."

"बस निघतेय. मॅनेजरने संघाबरोबर जायचं असतं."

"असं असतं का?"

"असतं."

"विचारलंस कोणाला?"

बसचं इंजिन सुरू झालं होतं. आतून कोणीतरी हाक मारली, "साहेब!"

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुला जिंकायचं नव्हतं का?"

"बाहेरच्या मैदानावर एक गुण मिळाला म्हणजे..." त्याने सुरुवात केली, आणि खोकला आला. मुलगी वाक्य पुरं व्हायची वाट पाहत उभी राहिली. तिला वाट पाहायची सवय होती.

बस त्यांच्या इमारतीवरूनच गेली. तो खिडकीशी बसला होता. घरात दिवा नव्हता. दोघी अजून रस्त्यातच होत्या, आणि त्याने बस थांबवायला सांगितलं नाही.

आपल्या गावच्या त्या मैदानावर तो पहिल्यांदा आला, तेव्हा खेळाडू म्हणून आला होता. डावीकडून खेळायचा, आणि नेहमी पुढे धावायचा.